ओइरासेची दरी : पूर्ण 14 किलोमीटर चालावी की निवडक टप्पा?

पाऊलखुणा (प्रश्न) :

नमस्कार. पुढील वर्षी आई-वडिलांसह जपानला जाण्याचे ठरत आहे आणि तोक्यो-क्योतोच्या नेहमीच्या फेरीला उत्तरेकडील आओमोरी प्रांताची जोड द्यावी, असा माझा आग्रह आहे. त्यामागचे मुख्य कारण म्हणजे ओइरासेची दरी. तोवादा सरोवरातून बाहेर पडणारा प्रवाह, दोन्ही बाजूंचे जंगल, शेवाळाने मढलेले दगड आणि वाटेत एकामागून एक येणारे धबधबे यांविषयी पुष्कळ वाचले आहे. पण जे वाचले त्यातून निर्णय घेता येत नाही, कारण बहुतेक ठिकाणी केवळ छायाचित्रे आणि कौतुकच सापडते.

माझ्या अडचणी अशा आहेत. वडिलांना सपाट वाटेवर सहा-सात किलोमीटर चालणे सहज जमते, पण मोठे चढउतार आणि उंच पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना मानवत नाहीत. आईला चालण्यापेक्षा थांबून पाहण्यात अधिक रस असतो, त्यामुळे आमचा वेग नकाशावर दिलेल्या वेळेच्या निम्माच राहील असे धरून चालावे लागेल. दरीच्या खालच्या टोकाच्या याकेयामापासून सरोवराकाठच्या नेनोकुचीपर्यंतची वाट 14 किलोमीटरची आहे, असे दिसते. ती सगळी चालणे आम्हाला शक्य नाही. मग कोणता भाग निवडावा, तो कोणत्या दिशेने चालावा, आणि जून व ऑक्टोबर यांपैकी कोणता महिना योग्य? दरीतून मोटाररस्ताही जातो, असे ऐकले. त्यामुळे जंगलात चालण्याचा आनंद कितपत उरतो, हेही प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे.

अनवाणी :

सर्वप्रथम चढाची भीती मनातून काढून टाका. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर आहे आणि याकेयामा त्याच्यापेक्षा साधारण 200 मीटर खाली. हा फरक 14 किलोमीटरांवर पसरलेला असल्याने बहुतेक ठिकाणी चढ पायांना जाणवतसुद्धा नाही. काही जागी लाकडी फळ्यांची वाट, काही जागी मुळे आणि ओली माती, अधूनमधून थोड्या पायऱ्या, एवढेच. वडिलांना त्रास झालाच तर तो चढाचा नव्हे, निसरड्या पृष्ठभागाचा होईल. म्हणून तळव्याला चांगली पकड असलेली पादत्राणे आणि एक काठी, यांची तजवीज मात्र आवर्जून करावी.

याकेयामा ते इशिगेदो हा सुमारे पाच किलोमीटरांचा खालचा टप्पा तुम्ही निःशंकपणे वगळा. तो वाईट नाही. जंगल तेथेही दाट आहे. परंतु दरी तेथे रुंद आहे, आणि ज्यासाठी लोक लांबून येतात ते धबधबे व फेसाळते प्रवाह इशिगेदोच्या वर आहेत. इशिगेदोपासून सरोवरापर्यंतचे अंतर जवळजवळ नऊ किलोमीटर असून सामान्य वेगाने त्याला अडीच ते तीन तास लागतात. तुमच्या वेगाने पाच तास धरले तरी दिवस पुरतो. मात्र नऊ किलोमीटर वडिलांना अधिक वाटत असतील, तर इशिगेदोहून निघून कुमोइच्या धबधब्यापर्यंत चालावे. हे अंतर तीन किलोमीटरांच्या आत आहे, आणि आशुरा नो नागारे हा प्रवाहाचा सर्वांत देखणा भाग याच टप्प्यात येतो. पाणी तेथे मोठमोठ्या शिळांमधून वळणे घेत, फुटत, पुन्हा एकत्र येत धावते आणि प्रत्येक शिळेच्या माथ्यावर शेवाळ, नेचे, कधीकधी एखादे झाडही उभे असते. कुमोइचा धबधबा सुमारे 20 मीटर उंचीचा आहे आणि वाटेला अगदी लागून आहे. तेथून बस पकडून चोशी ओताकीपाशी उतरावे, तो धबधबा पाहावा आणि उरलेले दीडएक किलोमीटर चालत सरोवराच्या काठी, म्हणजे नेनोकुचीला पोहोचावे. अशा रीतीने चालणे पाच किलोमीटरांच्या आत राहते आणि मोलाचे फारसे काही निसटत नाही.

दिशेविषयी माझे मत ठाम आहे : प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे खालून वर चालावे. पाणी सतत समोरून येत राहते, त्यामुळे प्रत्येक उसळी आणि प्रत्येक पांढरा झोत आपोआप दृष्टीसमोर येतो. वरून खाली चालणाऱ्यांना दर थोड्या वेळाने मागे वळून पाहावे लागते, आणि ओल्या मुळांवर मागे वळून पाहत चालणे काही बरे नव्हे.

रस्त्याबाबत तुमची शंका रास्त आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 102 संपूर्ण दरीतून प्रवाहाच्या सोबतीने जातो, आणि पायवाट काही ठिकाणी त्याच्या अगदी कडेला येते. निर्मनुष्य अरण्याची अपेक्षा ठेवून गेलात तर निराशा होईल. परंतु पाण्याचा आवाज इतका भरलेला असतो की वाहनांचा आवाज बऱ्याच ठिकाणी त्यात विरून जातो, आणि वयस्कर मंडळी सोबत असताना थकल्यावर बसथांबा जवळ असणे ही लहान गोष्ट नाही.

डोंगरवेडा :

वरील सल्ला व्यवहार्य आहे, तरी थोडा मतभेद नोंदवतो. खालचा टप्पा वगळणे तुमच्या परिस्थितीत समजण्यासारखे आहे, पण जो धडधाकट आहे त्याने याकेयामापासूनच निघावे. सुरुवातीचा संथ प्रवाह, मग हळूहळू आवळत येणारी दरी आणि त्यानंतर आशुराचा गोंगाट, हा क्रम अनुभवल्यावर वरच्या भागाचा प्रभाव कितीतरी वाढतो. थेट इशिगेदोला उतरणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासातच कळस दिसतो. शिवाय पर्यटकांच्या बसगाड्या इशिगेदोला थांबतात, खाली फारसे कोणी फिरकत नाही. एकांत हवा असणाऱ्यांसाठी खालचे पाच किलोमीटरच खरे आहेत.

कातळकडा :

चालण्याविषयी वर पुरेसे आले आहे. मी वेगळ्या अंगाने लिहितो, कारण ही दरी कशी घडली ते ठाऊक असले की वाटेत काय पाहायचे ते आपोआप कळते.

नकाशा पाहिला तर एक विचित्र गोष्ट लक्षात येईल. मुख्य प्रवाहावर मोठा म्हणावा असा धबधबा एकच आहे, चोशी ओताकी, 7 मीटर उंच आणि सुमारे 20 मीटर रुंद. बाकीचे जवळजवळ सगळे, म्हणजे कुमोइ, शिराइतो, कुदान वगैरे, बाजूच्या कड्यांवरून मुख्य दरीत कोसळतात. याचे कारण दरीच्या जन्मात आहे. तोवादा हा ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात, म्हणजे कॅल्डेरात, साठलेला जलाशय आहे. त्याची कमाल खोली 327 मीटर असून जपानमधील सर्वांत खोल सरोवरांत त्याचा तिसरा क्रमांक लागतो. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी येथे प्रचंड उद्रेक झाला. त्यानंतर कॅल्डेरात पाणी साठत गेले आणि आजच्या नेनोकुचीच्या बाजूने त्याची कड फुटली. एवढ्या मोठ्या जलाशयाचे पाणी एकदम बाहेर पडल्यावर त्याने खालची दरी वेगाने कोरून काढली. बाजूच्या लहान ओढ्यांना मात्र तेवढ्या वेगाने आपले पात्र खोल करता आले नाही. ते वरच लटकत राहिले, आणि त्यांचे पाणी आता कड्यावरून उडी घेऊन मुख्य दरीत येते. तुम्ही चालताना दोन्ही बाजूंना धबधबे का दिसतात, याचे उत्तर हे आहे.

दोन्ही बाजूंचे कडेही निरखून पाहावेत. ज्वालामुखीतून वाहत आलेली तप्त राख आणि खडकांचे तुकडे स्वतःच्याच उष्णतेने व भाराने एकजीव होऊन हा कातळ बनला आहे. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या, आणि त्या भेगांवरून तो सरळ तुटत असल्याने कडे इतके उभे आणि दरीचा तळ इतका सपाट दिसतो. इशिगेदोला याच कातळाची एक भली मोठी, सुमारे 10 मीटर रुंदीची फरशी कात्सुरा वृक्षाला टेकून उभी आहे आणि तिच्याखाली खोलीसारखी जागा तयार झाली आहे. तेथे एक दरोडेखोर स्त्री राहून वाटसरूंना लुटत असे, अशी दंतकथा सांगतात. दंतकथेपेक्षा मला ती फरशी वरून कशी सुटून आली असेल, याचेच कुतूहल अधिक वाटते. मान वर करून कड्याकडे पाहिले की अंदाज येतो.

तोवादा हा आजही जिवंत ज्वालामुखी मानला जातो. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक इसवी सन 915 मध्ये झाला आणि जपानच्या लिखित इतिहासातील सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते. घाबरण्याचे कारण नाही, पण एवढ्या शांत पाण्याचा पूर्वेतिहास माहीत असलेला बरा.

हरितपर्ण :

कातळकडा यांनी दगड सांगितला, मी त्यावरचे शेवाळ सांगते. तुमच्या आईंना थांबून पाहण्याची आवड आहे, हे वाचून आनंद झाला, कारण ओइरासे ही चालणाऱ्यांपेक्षा थांबणाऱ्यांची जागा आहे.

या दरीत सुमारे 300 प्रकारची शेवाळे आढळतात, असे तेथील अभ्यासक सांगतात, आणि 2013 मध्ये जपानच्या शेवाळ-अभ्यासकांच्या संस्थेने तिचा देशातील मौल्यवान शेवाळ-वनांत समावेश केला. इतकी विविधता येथेच का, याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. शेवाळाला खरी मुळे नसतात. ज्या धाग्यांनी ते दगडाला धरून असते ते मुख्यतः पकडीसाठी असतात, आणि पाणी ते आपल्या पानांच्या पृष्ठभागातूनच शोषून घेते. म्हणजे त्याला सुपीक माती लागत नाही, दमट हवा मात्र सतत लागते. अरुंद दरी, वर पानांचे छत, धबधब्यांचे तुषार, उन्हाळ्यातही थंड राहणारी हवा आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने टिकणारे बर्फाचे पांघरूण, हे सर्व येथे एकत्र आले आहे.

परंतु माझ्या मते निर्णायक गोष्ट आहे ती पाण्याच्या स्थैर्याची. डोंगरातील सामान्य नदीला पूर आला की ती पात्रातील दगड लोळवते, घासते, आणि त्यांवर काही रुजूच देत नाही. ओइरासे मात्र एका प्रचंड सरोवरातून निघते. जोराचा पाऊस झाला तरी सरोवर तो पोटात घेते आणि पाण्याची पातळी अगदी सावकाश बदलते. त्यात भर म्हणजे नेनोकुचीला दरवाजे बसवलेले आहेत आणि वीजनिर्मिती, शेती व पर्यटन यांचा मेळ घालून तेथून पाणी सोडले जाते. हंगामात दिवसा अधिक, रात्री कमी. हे कळल्यावर काहींचा विरस होतो, मला तो होत नाही. माणसाचा हात लागलेला आहे हे ठाऊक असूनही प्रवाह तितकाच सुंदर राहतो. या स्थैर्यामुळे ऐन प्रवाहातील दगडांवरही शेवाळ टिकते, त्या ओलसर गादीवर वाऱ्याने आलेले बी रुजते, पुढे नेचे येतात, मग झुडपे आणि शेवटी झाडे. आशुराच्या आसपास तुम्हाला या क्रमातील प्रत्येक पायरीवरचा दगड सापडेल. नुकताच हिरवा होऊ लागलेला दगड, नेच्यांनी भरलेला दगड आणि पूर्ण वाढलेले झाड माथ्यावर घेऊन उभा असलेला दगड, असे तिन्ही एका दृष्टिक्षेपात दिसतात.

आईंसाठी दहापट मोठे दाखवणारे एक छोटे भिंग अवश्य न्यावे. उघड्या डोळ्यांना जे सरसकट हिरवे दिसते, त्यात भिंगाखाली पिसासारखी, चांदणीसारखी, खवल्यांसारखी अशी कितीतरी रूपे उलगडतात. आणि त्यासाठी प्रवाहाजवळ वाकण्याची गरज नाही. रस्त्याच्या कडेचे संरक्षक कठडे आणि पुलांच्या भिंतीसुद्धा शेवाळाने भरलेल्या आहेत, त्या कमरेच्या उंचीवर असल्याने वडिलांच्या गुडघ्यांनाही सोयीच्या! ज्या रस्त्याला वर नावे ठेवली गेली, त्याचा हा एक उपकार मानावा लागेल.

महिन्याबद्दल म्हणाल तर माझे मत जूनच्या पहिल्या पंधरवड्याला आहे. मेच्या उत्तरार्धापासून बीच वृक्षांची कोवळी पालवी फुटते आणि उजेड पानांतून गाळून हिरवा होऊन येतो. तेथील पावसाळी दिवस साधारणपणे जूनच्या मध्यापासून सुरू होतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातील पानांचे पिवळे-तांबूस रंग अप्रतिम असतात यात वाद नाही, पण तेव्हा गर्दीही तशीच असते, आणि सगळ्यांची नजर वर झाडांकडे असते. शेवाळ पाहायचे तर पाऊस पडून गेल्यावरचा दिवस निवडावा. कोरडे पडलेले शेवाळ आक्रसून फिकट होते आणि पाणी मिळताच थोड्या वेळात पुन्हा पसरते.

एक विनंती. ही दरी तोवादा-हाचिमान्ताइ राष्ट्रीय उद्यानाच्या कडक संरक्षण असलेल्या भागात येते. 1928 मध्येच तिला निसर्गसौंदर्यस्थळ आणि नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण मिळाले. येथे झाडाचे गळलेले पानसुद्धा उचलून न्यायला मनाई आहे. शेवाळावर हात फिरवण्याचा मोह होतो, तो टाळावा. पायवाट सोडून दगडांवर चढू नये, हे वेगळे सांगायला नको.

पाऊलखुणा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इशिगेदो ते कुमोइ, मग बसने चोशी ओताकी आणि तेथून चालत नेनोकुची, असा बेत जवळजवळ पक्का झाला आहे, आणि महिना जूनचा. आता दोन गोष्टी राहिल्या. आम्ही गाडी भाड्याने घेणार नाही. मग बसच्या भरवशावर हा दिवस निभावतो का? आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने काही विशेष पथ्ये पाळावी लागतात का?

अनवाणी :

बसने निभावते, मात्र आधी वेळापत्रक ठरवावे आणि मग चालणे, उलटे करू नये. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) बसगाड्या आओमोरी आणि हाचिनोहे या दोन्ही स्थानकांवरून सुटतात, दरीतून जातात आणि सरोवरापर्यंत पोहोचतात. इशिगेदो, कुमोइचा धबधबा, चोशी ओताकी, नेनोकुची या प्रत्येक ठिकाणी थांबे आहेत. तोक्योहून शिनकानसेन या वेगवान रेल्वेने येणार असाल तर हाचिनोहेचा मार्ग सोपा. तेथून इशिगेदोपर्यंत पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. आओमोरीहून येणारी बस हाक्कोदाच्या डोंगररांगेतून येते, वेळ अधिक घेते, पण वाट फार सुंदर आहे. या गाड्या दिवसभरात मोजक्याच असतात आणि हिवाळ्यात नेहमीचे वेळापत्रक बंद असते. एक बस चुकली तर पुढच्या बससाठी बराच काळ ताटकळावे लागते, म्हणून कुमोइला बसच्या वेळेच्या निदान वीस मिनिटे आधी पोहोचण्याचा हिशेब ठेवावा. शक्य असेल तर एक मुक्काम याकेयामाच्या बाजूला किंवा सरोवराकाठी यासुमिया येथे करावा. सकाळी आठच्या आत पायवाटेवर असणाऱ्याला ती जवळजवळ मोकळी मिळते. स्वच्छतागृह आणि खाण्यापिण्याची सोय इशिगेदोच्या विश्रांतिगृहात आहे, ती तेथेच उरकून घ्यावी.

पथ्यांपैकी पहिले झाडांविषयी. बीचच्या जुन्या झाडांच्या वाळलेल्या फांद्या अचानक तुटतात. 2003 मध्ये इशिगेदोजवळ अशीच फांदी कोसळून एक पर्यटक स्त्री गंभीर जखमी झाली होती, आणि न्यायालयाने शासनाला व प्रांताला नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले. तेव्हापासून तेथील झाडांच्या देखरेखीचा प्रश्न गांभीर्याने घेतला जातो, तरीही जोराचा वारा असेल त्या दिवशी झाडांखाली रेंगाळू नये आणि डबा उघडून बसायचे तर मोकळी जागा पाहावी. दुसरे अस्वलांविषयी. तोहोकूच्या, म्हणजे जपानच्या या ईशान्य भागातील, जंगलांत काळ्या अस्वलांचा वावर आहे. या वाटेवर माणसांची वर्दळ असते, पण पहाटे एकटे चालणार असाल तर पाठपिशवीला घंटी बांधावी, आणि ठिकठिकाणी लावलेल्या सूचना वाचाव्यात किंवा निदान त्यांवरील चित्रे पाहावीत.

कातळकडा :

चोशी ओताकीपाशी पोहोचलात की त्याविषयीची एक गोष्ट वडिलांना जरूर सांगा. हा धबधबा केवळ 7 मीटरांचा असला तरी माशांना तो ओलांडता येत नाही. त्यामुळे खालून पोहत येणारे मासे सरोवरात पोहोचूच शकत नसत, आणि एवढ्या मोठ्या जलाशयात मासेमारी अशी नव्हतीच. वाइनाइ सादायुकी या गृहस्थांनी अनेक वर्षे वेगवेगळे मासे सोडून पाहिले आणि अपयश पचवले. अखेर 1903 मध्ये त्यांनी होक्काइदोमधील शिकोत्सु सरोवरातून आणवलेली हिमेमासू माशांची पिल्ले तोवादात सोडली. 1905 च्या शरदात ते मासे वाढून काठाशी परतले. आज सरोवराकाठच्या खानावळींत मिठात भाजून मिळणारा हिमेमासू हा त्याच प्रयत्नांचा परिणाम आहे.

छायाचित्रांबाबत एक जोड. ढगाळ दिवस मिळाला तर हळहळू नका, कारण कडक उन्हात पानांतून पडणारे कवडसे आणि काळ्या सावल्या यांत शेवाळाचा रंग हरवतो. ध्रुवीकरण फिल्टर असेल तर तो लावावा, त्याने ओल्या पानांवरची चमक कमी होऊन मूळचा हिरवा रंग खुलतो. पाणी रेशमी दिसावे म्हणून तिपाई लावणारे पुष्कळ भेटतील, पण वाट अरुंद आहे आणि सकाळी दहानंतर तिपाईमुळे मागची सगळी रांग खोळंबते. तो उद्योग करायचा असेल तर लवकर निघून आशुरालाच उरकावा.

पाऊलखुणा :

हाचिनोहेमार्गे जाऊन याकेयामाला एक रात्र राहावे आणि सकाळच्या पहिल्या बसने इशिगेदो गाठावे, असे आता ठरवतो आहे. भिंगाची सूचना आईला वाचून दाखवली. तिचा पुढचा प्रश्न असा की, एका दिवसात सगळे पाहून झाले नाही तर दुसऱ्या रात्रीचा मुक्काम आधीच राखून ठेवायचा का. हरितपर्ण, आपले मत कळवावे.

हरितपर्ण :

राखून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाऊस असेल तर पुन्हा इशिगेदोलाच जा, आणि कोरडा असेल तर याकेयामाहून बसने दहा-पंधरा मिनिटांवरच्या त्सुताला जावे. तेथील बीचच्या जंगलात तळ्यांभोवती फिरणारी सोपी वाट आहे आणि ती संपते तेथे गरम पाण्याचे जुने स्नानगृह आहे. वडिलांच्या गुडघ्यांना त्याचाही लाभ होईल.